पेनाचं टोपण

आमच्या अभ्यासिकेत बोलायला बंदी होती, म्हणून केतकी चौगलेनं चहाला बोलावण्याची एक पद्धत काढली होती. ती आपल्या निळ्या पेनाचं टोपण आणून तुमच्या उघड्या पुस्तकावर ठेवायची आणि शेजारी उभी राहायची. यायचं असेल तर टोपण मुठीत घेऊन उठायचं. यायचं नसेल तर उचलून तिच्या हातात परत द्यायचं. त्यावर रुसायचं नाही आणि कारण विचारायचं नाही, एवढाच नियम होता. दोन वर्षांत मी ते टोपण अनेकदा परत केलं असेल, पण त्यातलं एकदाचं परत करणं मला आजही झोपू देत नाही. ही हकीकत त्या एकदाची आहे.

अभ्यासिका कोल्हापुरात राजारामपुरीत होती. खाली झेरॉक्सचं दुकान, बाहेर चहाची गाडी आणि वर पत्र्याच्या छपराखाली साठ टेबलं. राज्यसेवेची परीक्षा देणारे आम्ही चौघं तिथे एकमेकांना सापडलो. मी हेमांगी राणे, कणकवलीची, संख्याशास्त्राची पदवी घेऊन बसलेली. तौफिक मुजावर जयसिंगपूरचा, वकिली सोडून आलेला. सुयश मगदूम शेतकी कॉलेजचा, दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारा. आणि केतकी, जी कोल्हापूरचीच. इथल्या मुली ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात याचं मला पहिला महिनाभर हसू यायचं. मग मीच एकदा आईला फोनवर ‘नंतर बोलतो’ म्हणाले.

केतकीचा तो शेवटचा प्रयत्न होता. परीक्षेला किती वेळा बसता येतं याला मर्यादा आहे आणि तिची मर्यादा त्या वर्षी संपत होती. लहानपणी पुराच्या पाण्यात त्यांच्या गल्लीत एक तहसीलदार बाई नावेतून आल्या होत्या आणि त्यांनी घराघरातल्या माणसांची नावं घेऊन हाका मारल्या होत्या. तेव्हापासून हिला तहसीलदार व्हायचं होतं. आमच्यापैकी कोणालाच एवढं नेमकं काही व्हायचं नव्हतं. आम्हाला फक्त पास व्हायचं होतं.

टेबलांवर रंग दाखवणारे दिवे आले त्याच्या आधीचे दिवस वाईट होते. सकाळी सातला बसलेला माणूस अकरापर्यंत मठ्ठ व्हायचा, पण उठायचा नाही. कोण उठतंय आणि कोण बसून आहे इकडे प्रत्येकाचा एक डोळा असायचा. केतकी टोपण घेऊन फिरायची आणि बहुतेक वेळा ते परत घेऊन आपल्या दाराजवळच्या टेबलावर येऊन बसायची.

हे का होतं ते गणितात सांगता येतं. समजा, अभ्यासिकेत मी आणि तौफिक दोघंच आहोत. दोघंही चहाला गेलो तर दोघांची डोकी ताजी होतात आणि कोणी मागे पडत नाही. पण मी गेले आणि तो बसून राहिला, तर तो माझ्या एक धडा पुढे जातो, आणि जागा मोजक्या असल्यामुळे त्याचं पुढे जाणं म्हणजे माझं मागे पडणं. तो उठेल याची खात्री नाही म्हणून मी उठत नाही. मी उठेन याची त्याला खात्री नाही म्हणून तो उठत नाही. दोघांनाही चहा हवा असतो आणि दोघंही जांभया देत बसून राहतात. गेम थिअरीत असल्या कोंडीचा अभ्यास करतात आणि त्यातून सुटायचा एक जुना मार्गही त्यात सांगितलेला आहे. दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवण्यापेक्षा दोघांनी मिळून तिसऱ्यावर ठेवायचा. चौकातला सिग्नल तेच करतो. मला हिरवा दिसतो तेव्हा तुम्हाला लाल दिसत असणार, एवढ्या भरवशावर मी गाडी काढते. बाकीचे पाळत असतील तर सिग्नल तोडून माझा फायदा होत नाही, म्हणून पोलीस नसतानाही लोक सिग्नल पाळतात. निदान पुस्तकात तरी पाळतात.

समतोल नावाच्या कंपनीनं हाच सिग्नल टेबलावर आणून ठेवला. लिंबाएवढा दिवा आणि त्याच्यावर झाकणी, अशी की रंग फक्त समोर बसलेल्यालाच दिसावा. पिवळा म्हणजे बसा, हिरवा म्हणजे उठा. आम्ही त्याला पणती म्हणायचो. पणतीला तुमचे सराव परीक्षेचे मार्क माहीत असायचे, डोळ्यांची उघडझाप दिसायची आणि फोन वाचायची परवानगी तर आपण स्वतःच अंगठा टेकवून दिलेली असायची. तुमच्या गटातल्या सगळ्यांचं मिळून जास्तीत जास्त भलं व्हावं असा हिशेब ती दर मिनिटाला करायची. अट एकच होती, आपला रंग दुसऱ्याला सांगायचा नाही. रंग कळले की मग पुन्हा प्रत्येक जण डोकं चालवणार आणि सगळं पूर्वपदावर येणार. आम्ही चौघांनी चहाच्या गाडीवर उभं राहून तशी शपथ घेतली. कोणी कोणाला पणतीबद्दल विचारायचं नाही.

सुरुवातीला एक अर्ज भरून घेतला गेला. चाळीस प्रश्न होते. तुम्हाला कशाचं किती मोल वाटतं ते पणतीला कळायला हवं, म्हणून. एक प्रश्न मला शब्दशः आठवतो. उद्या परीक्षा आहे आणि मैत्रिणीचा रडत फोन आला, तर तुम्ही काय कराल? मी लिहिलं, परीक्षेनंतर तिच्याशी बोलेन. तौफिक आणि सुयशनंही तसंच काहीतरी लिहिलं. परीक्षार्थी माणसानं काय लिहायचं असतं ते आम्हाला पाठ होतं. केतकीनं लिहिलं, तिच्याकडे जाईन. मी तिच्या कागदात डोकावून तिला वेडी म्हणाले.

“खरं लिहायला सांगितलंय की,” ती म्हणाली, आणि पुढचा प्रश्न वाचायला लागली.

पणतीनं कमाल केली, हे कबूल करायला हवं. माझा दिवा रोज सव्वाबाराच्या आसपास हिरवा व्हायचा, अगदी डोळ्यांसमोर अक्षरं नाचायला लागली की. मी जिना उतरेपर्यंत केतकी मागून आलेली असायची. पंधरा मिनिटं गप्पा, एक चहा, आणि वर आले की डोकं धुतल्यासारखं स्वच्छ. टोपणाची गरजच उरली नाही आणि कोण उठतंय इकडे बघणंही सुटलं. चार महिन्यांत माझे मार्क एकवीसनं वाढले. तौफिकचेही वाढले, सुयशचेही वाढले. केतकी आपले मार्क सांगायची नाही आणि आम्ही विचारायचो नाही.

मुख्य परीक्षेला सत्तेचाळीस दिवस उरले असताना माझी दाढ दुखायला लागली. दाताचा दवाखाना समोरच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर होता. डॉक्टरांना उशीर होता आणि खिडकीतून आमची चहाची गाडी स्पष्ट दिसत होती. साडेदहाला सुयश खाली आला. त्याच्या मागोमाग केतकी आली. दोघांनी चहा घेतला आणि चक्क सुयश हसत बोलत होता. दोघं वर गेले. अकरा वाजता तौफिक उतरला आणि त्याच्या मागे पुन्हा केतकी. मला वाटलं, आज काहीतरी विशेष असेल. सव्वाबाराला केतकी पुन्हा जिन्याच्या तोंडाशी आली, रस्त्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली आणि एकटीच वर गेली. ती माझी वेळ होती. दाढेपेक्षा दुसरंच काहीतरी दुखायला लागलं.

मी शपथ मोडली. संध्याकाळी सुयशला आणि तौफिकला वेगवेगळं गाठून विचारलं. दोघांच्याही पणत्या रोज दोनदा हिरव्या व्हायच्या, सकाळी आणि दुपारी. मलाही दुपारी चारला एकदा व्हायची. दर वेळी केतकी सोबत असायची आणि दोघांनाही वाटत होतं की ती दिवसभरात आपल्याबरोबरच काय तो चहा घेते. मलाही तेच वाटत होतं. तौफिकनं मान खाली घातली. सुयश म्हणाला की आता दीड महिनाच राहिलाय, आणि वर निघून गेला.

मी संख्याशास्त्राची. कागद घेतला आणि मांडून पाहिलं. आम्हा तिघांना वेगवेगळ्या वेळी सोबत लागत होती. तिघांना एकदम हिरवा दाखवला असता तर केतकीचा एकच चहा झाला असता, पण मग कोणालाच आपल्या नेमक्या थकव्याची वेळ मिळाली नसती. म्हणून पणतीनं आम्हाला कधीच एकत्र उठू दिलं नव्हतं. कोणाचा तास गेला तर गटाचं नुकसान सर्वांत कमी, याचं उत्तर तिला अर्जातच मिळालं होतं. चौघांपैकी एकीनं सोबतीला अभ्यासापेक्षा जास्त मोल दिलं होतं. सहा वेळा उठणं, जिना, चहा, परत येऊन मन लागेपर्यंतचा वेळ, असे केतकीचे रोजचे साडेतीन तास जात होते. त्या तासांवर आम्ही तिघं वाढलो होतो. मला माझाच भयंकर राग आला, आणि हेही सांगते की त्या रागाच्या तळाशी एक भीती होती. केतकी चहाला यायची थांबली तर माझं काय होणार?

तरीही मी ठरवलं, उद्या सव्वाबाराला चहावर तिला सगळं सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सव्वाबारा वाजले. पणती पिवळीच राहिली. एक वाजला, चार वाजले, सात वाजले. अक्षरं डोळ्यांसमोर नाचत होती, मान आखडली होती आणि पणती पिवळी होती. बिघडली असेल म्हणून मी पिन काढून पुन्हा लावली. ती लगेच लागली, पिवळी. तिसऱ्या दिवशीही तेच. सुयश उठून गेला, त्याच्यामागे केतकी गेली. तौफिक उठून गेला, त्याच्यामागेही गेली. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. गणित मांडलं त्या रात्री खोलीवर मी केतकीला मेसेज लिहिला होता आणि पुसला होता. तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला. फोन पणती वाचत होती. मी तिला काय सांगणार आहे ते पणतीला माहीत होतं.

मी उठू शकत होते. दाराला कडी नव्हती, कोणी खांद्यावर हात ठेवून बसवलं नव्हतं. पणतीनं फक्त पिवळा रंग दाखवला होता. आणि मी बसून राहिले. बाकीचे पाळत असतील तर तोडून माझा फायदा होत नाही, हे मीच तर इतरांना समजावून सांगायची.

सातव्या दिवशी दुपारी माझ्या उघड्या पुस्तकावर निळं टोपण येऊन पडलं.

कितीतरी महिन्यांनी ते टोपण मी पाहत होते. मान वर केली तर केतकी उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते. ती नेहमीसारखी हसली नाही, नुसती उभी राहिली. मी टोपणाकडे पाहिलं, मग पणतीकडे पाहिलं. पिवळी. मग मी टोपण उचललं आणि तिच्या हातात परत दिलं.

ती रुसली नाही. तिनं कारण विचारलं नाही. दाराजवळच्या टेबलावर जाऊन बसली आणि थोड्या वेळानं तौफिक उठला तेव्हा त्याच्यामागे गेली.

अकराव्या रात्री मी स्वतःशी तडजोड केली. आता सांगून तिचं मन विस्कटायचं, त्यापेक्षा नंतर सांगावं, असं स्वतःला पटवलं. फोनमध्ये कामांची यादी होती, तिच्यात एक ओळ टाकली, ‘परीक्षेनंतर केतकीशी बोलणे’. अर्जात लिहिलं होतं अगदी तेच. लिहिताना मला ते आठवलंसुद्धा नाही.

बाराव्या दिवशी सव्वाबाराला पणती हिरवी झाली.

मी खाली गेले. केतकी मागून आली. तिनं खारी घेतली, अर्धी मोडून मला दिली, आणि गल्लीतल्या कुत्र्यानं कोणाचं तरी मतदार ओळखपत्र पळवल्याची गोष्ट इतकी रंगवून सांगितली की मला ठसका लागला. मी काही बोलले नाही. वर आले तेव्हा डोकं स्वच्छ होतं आणि त्या दिवशी मी अर्थव्यवस्थेचे दोन धडे संपवले.

निकालात आम्ही तिघं होतो. केतकी नऊ मार्कांनी राहिली.

मला तहसीलदाराचं पद मिळालं. तिला काय तोंड दाखवायचं, या विचारात प्रशिक्षणाचं वर्ष गेलं. मधल्या काळात पणत्या सगळीकडे पोचल्या. कार्यालयात आल्या, घराघरात आल्या, आईला कधी फोन करायचा आणि शेजाऱ्याकडे कधी डोकवायचं हेही सांगायला लागल्या. लोक म्हणतात भांडणं कमी झाली, आणि तेही खरं असेल. माझ्या पणतीनं वर्षभरात केतकीच्या नावानं एकदाही हिरवा दाखवला नाही. शेवटी एका शनिवारी मी पणती आणि फोन दोन्ही घरी ठेवून कोल्हापूरला गेले. केतकी एका खासगी शाळेत इतिहास शिकवत होती. शिक्षकांच्या खोलीत एकटीच वह्या तपासत बसली होती.

तिनं मला बसायला खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं. खिडकीतून काय दिसलं ते, कागदावरचं गणित, दहा दिवसांचा पिवळा रंग. एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर पुन्हा बोलू शकले नसते. पणती तुला दिवसातून सहा वेळा उठवत होती, असं मी म्हणाले तेव्हा तिनं लाल पेन खाली ठेवलं.

“मला कुठली पणती उठवतीय?” ती म्हणाली. “माझी पिन मी दसऱ्यालाच काढून ठेवलेली. नुसतं पिवळं पिवळं दाखवायची दिवसभर. माझं टेबल दाराजवळ होतं की. तुम्ही कोण एकटं उठून चाललाय दिसलं, की मी उठायचो.”

म्हणजे पणतीनं तिला बसायलाच सांगितलं होतं. ती उठणार हे पणतीनं धरूनच ठेवलं होतं आणि आम्हाला एकेकट्यानं दारावरून पाठवलं होतं. माझ्या मांडणीत एवढी एकच चूक होती, की केतकीला उठवायला दिवा लागतो असं मी समजले होते.

मग मी विचारलं, त्या दिवशी टोपण घेऊन का आली होतीस.

ती वहीच्या कडा सारख्या करायला लागली. “सराव परीक्षेचे मार्क आलेले. फार पडलेले. तुला गणितातलं कळतं म्हणून विचारायचं होतं, मी चहाला यायचं बंद करू काय?” मग म्हणाली, “तू कर म्हणाली असतीस तर केलं असतं.”

मी रडले. तिनं मला पाणी दिलं, घरचं विचारलं, माझ्या तालुक्यात नदीला पाणी किती येतं ते विचारलं. पुराच्या वेळी नावांची यादी आधीच करून ठेव, घरात माणसं किती, म्हातारी किती, असं सांगितलं. माझ्याकडे त्या कामाचं प्रशिक्षण होतं, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी डोळे पुसले, तिच्याच लाल पेनाचं टोपण उचललं आणि तिच्यासमोरच्या उघड्या वहीवर ठेवलं. खाली शाळेच्या फाटकापाशी चहाची गाडी मी येताना पाहिली होती.

तिनं टोपणाकडे पाहिलं. मग ते उचललं, माझा हात उलटा करून तळव्यावर ठेवलं आणि माझी बोटं मिटवली. पुढची वही ओढून ती तपासायला लागली. तिच्या टेबलावर पणती नव्हती, मी नीट पाहिलं. कारण विचारायचं नाही असा नियम होता, म्हणून मी विचारलं नाही.

लाल टोपण आता माझ्या कार्यालयात टेबलाच्या खणात आहे. त्या शनिवारनंतर सोमवारी मी कामावर परत गेले. फायलींचा ढीग होता. चारच्या सुमाराला अक्षरं डोळ्यांसमोर नाचायला लागली आणि त्याच क्षणी पणती हिरवी झाली. दार उघडून शलाका पाटणे आत डोकावली. शलाका आमच्याकडची नवी लिपिक आहे, आनंदी पोरगी, माझ्या चहाला रोज तीच सोबत असते. अव्वल कारकुनांच्या चहालाही तीच असते, नायब तहसीलदारांच्याही. पदोन्नतीच्या विभागीय परीक्षेला ती बसणार आहे, आणि परीक्षेला दोन महिने उरले आहेत.

“मॅडम, येताय?” ती म्हणाली.

मी तिला विचारलं, पणतीच्या अर्जात मैत्रिणीच्या फोनचा प्रश्न होता, त्याला तू काय उत्तर लिहिलंस.

ती हसली. “खरं तेच लिहिलं, मॅडम. जाईन म्हणून.”

तिला काय सांगायचं ते मला माहीत होतं. सगळे शब्द तयार होते. मी तोंड उघडलं, आणि नजर आपोआप पणतीकडे गेली. ती पिवळी होत होती.

मी तोंड मिटलं. ठरवलं, तिची परीक्षा झाली की सांगू. पणती पुन्हा हिरवी झाली आणि मी चहाला उठले.